न्हाणीमागचं इरसाल बेणं

आधीच सांगून ठेवतो, मी गोळी नाही.

आमच्या कळसमध्ये, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये, कुणालाही विचारा, "पेपरमिंट म्हणजे काय?" तो सरळ किराणा दुकानातल्या काचेच्या बरणीकडं बोट दाखवील. पांढरीफेक गोळी, जिभेवर ठेवली की गार. त्या गोळीनं माझं नाव घेतलं, माझा वास उचलला आणि साखरेत लोळून गावभर मान मिळवला. खरा पेपरमिंट मी बोलतोय. न्हाणीच्या मागं, सांडपाण्याच्या ओलीवर, शेवग्याच्या सावलीत वाढलेलं वीतभर उंचीचं, तांबूस देठाचं झुडूप. आणि हो, पुदिना समजून मला कुणी चटणीत घालू नका. त्याची फजिती पुढं सांगतोच.

माझ्या घराण्याची एक खोड आहे. आम्हाला फुलं येतात, माश्या गुणगुणून जातात, पण बी धरत नाही. "अरेरे" म्हणू नका, मला कीव आवडत नाही. या भागात उसाला तरी कोण बी पेरतं? कांडी तोडायची, सरीत दाबायची, पाणी द्यायचं, झाला ऊस. त्या कांडीला इथं बेणं म्हणतात. माझंही तसंच. काडी खुडा, ओल्या मातीत खोचा, चार दिवस सावली द्या, मी उठून उभा. शिवाय मातीखालून आडवे फुटवे सोडायचे आणि बोट दिलं की मनगट धरायचं, ही आमची जुनी रीत. म्हणून या घरचे सोपानतात्या मला "इरसाल बेणं" म्हणतात. ही शिवी की शाबासकी, ते मी अजून विचारलेलं नाही.

माझा जन्म बारामतीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या एका रोपवाटिकेतला. आईची एक काडी खुडून काळ्या पिशवीत खोचली, तोच मी. शेजारी टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची हजारो रोपं ट्रेमध्ये ऐटीत बसलेली असायची. रोज पिकअप यायची, त्यांना मानानं उचलून न्यायची. मी नळापाशी कोपऱ्यात. एखादा शेतकरी वाकून विचारायचा, "ह्यो पुदिना हाय व्हय?" माळी म्हणायचा, "न्हाय, पेपरमिंट." "गोळ्याचा?" असं म्हणून हसत तो मिरचीकडं वळायचा. पावसाळाभर मी ते हसू ऐकलं. मनाशी म्हणालो, हसा लेकांनो, एकदा जमीन मिळू दे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी एक पिकअप आली. अविराज नावाचा तिशीतला शेतकरी टोमॅटोची रोपं न्यायला उतरला. पुढच्या सीटवर त्याची आई ठमाबाई बसली होती. साठीची बाई, उन्हानं रापलेली, पदराचा बोळा तोंडाशी घट्ट धरलेला. अविराजची बायको राजलक्ष्मी खाली उतरून नळावर हात धुवायला आली, तेव्हा तिचा पाय माझ्या पिशवीला लागला. वास सुटला. माझा वास असाच आहे, धक्का लागल्याशिवाय बाहेर येत नाही.

तिनं एक पान खुडलं, चावलं आणि तडक पिकअपच्या खिडकीशी गेली.

"आत्याबाई, हे जरा चघळून बघा."

"मला काय बी नगं."

"मघापास्नं तोंडात कायतरी पायजे, कायतरी पायजे म्हणताय ना? मग घ्या की!"

ठमाबाईनं रागारागानं पान तोंडात टाकलं. दोनदा चावलं आणि डोळे मोठ्ठे केले.

"अगं बया! तोंडात वारं सुटलं की गं!"

झालं. पाच मिनिटांत माझी पिशवी ठमाबाईच्या मांडीवर होती आणि पिकअप कळसच्या रस्त्याला लागली होती. ही सगळी मंडळी बारामतीत कशाला आली होती ते मला त्या गाडीतच कळलं, कारण राजलक्ष्मी नवऱ्याला सगळं साभिनय सांगत होती.

"डॉक्टरीणबाईंनी इचारलं, आजी, तंबाखू खाता का? तर आत्याबाई म्हणत्यात, छ्या! आमच्या घराण्यात बाया तंबाखूला शिवत न्हाईत. आमी नुसती मिसरी लावतो!"

अविराज फस्सकन हसला. हसण्यासारखंच होतं, पण त्यातच सगळं दुखणं होतं. मिश्री म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची. या भागातल्या बाया तिला तंबाखू म्हणतच नाहीत. त्या म्हणतात, दात घासते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसातून किती वेळा घासता? ठमाबाई म्हणाली, सा-सात येळा. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मी दातांची डॉक्टर आहे, मीसुद्धा एवढे घासत नाही."

मग त्यांनी गाल ओढून आत उजेड टाकला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्या म्हणाल्या, मिश्री आजपासून पूर्ण बंद. दोन महिन्यांनी दाखवायला या. चट्टा उतरला तर ठीक, तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. त्यात काय निघेल ते आज सांगता येत नाही. हे सांगताना राजलक्ष्मीचा आवाज बारीक झाला आणि अविराजचं हसू कधीच थांबलं होतं.

समोर उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, त्यांच्यामागून गाडी हळू चालली होती. मग ठमाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"चाळीस वरसं लावली. आता सोडली."

"आई, ह्या पाल्याच्या जिवावर व्हय?"

"पाल्याच्या न्हाय, माझ्या जिवावर. पाला नुसता सोबतीला."

ते वाक्य मी मुळाशी बांधून ठेवलं. मी औषध आहे असं मला कुणी म्हणू नये, मी ते नाही. पण सोबत म्हणाल तर मी हटत नाही.

घरी आल्यावर राजलक्ष्मी म्हणाली, ह्याला कुंडीत लावू, लई पसरतंय. ती सोमेश्वरनगरची, तिच्या माहेरी आईनं माझ्या जातीचं झाड कुंडीत ठेवलेलं तिनं पाहिलं होतं. ठमाबाई म्हणाली, "एवढं रान पडलंय आन कुंडीत कशाला? पाव्हणा हाय व्हय?" आणि खुरपं घेऊन तिनं मला न्हाणीच्या मागं, जिथं धुण्या-भांड्याचं पाणी मुरतं तिथं लावलं.

"आत्याबाई, पसरंल बरं का!"

"पसरू दे."

असं बोलणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

मग तिनं मिश्रीची डबी काढली. पत्र्याची, गोल, झाकणावरचा रंग बोटांनी घासून गेलेली. मिश्री उकिरड्यावर ओतली, डबी धुतली आणि न्हाणीच्या भिंतीतल्या कोनाड्यात होती तिथंच परत ठेवली. राजलक्ष्मी म्हणाली, टाकून द्या ना! ठमाबाई म्हणाली, "तिला बघून सोडली तरच सोडली. लपवून सोडली तर ती सुटली न्हाय." म्हणजे कोनाड्यात ती डबी आणि खाली मी, असे आम्ही दोघं समोरासमोर आलो.

पहिले आठ दिवस काय सांगू! माणसाची सवय म्हणजे काय चीज आहे ते मी तेव्हा पाहिलं. पहाटे उठल्यावर तिचं बोट आपसूक कोनाड्याकडं जायचं. ती डबी उघडायची, रिकामी बघून तशीच मिटायची. डोकं चढायचं. मीठ कमी पडलं म्हणून तिनं स्वतःच्याच आमटीला शिव्या घातल्या. सोपानतात्यांवर, म्हणजे नवऱ्यावर, उलथनं भिरकावलं, ते शेवग्याला लागलं. तात्या म्हणाले, "अगं, लाव बाई एकदाची! घरातली भांडी तरी वाचतील." त्यावर ती जे बोलली ते मी इथं सांगत नाही. मग न्हाणीमागं येऊन तिनं माझी चार पानं ओरबाडली आणि जन्माची वैरीण असल्यासारखी कडाकडा चावली. डोळ्यांत पाणी आलं, नाक मोकळं झालं, आणि पाचेक मिनिटं तिचं बोट शांत राहिलं. पाच मिनिटं काही थोडी नसतात.

तेवढ्यात चटणीची फजिती झाली. राजलक्ष्मीचे वडील सोमेश्वरनगरहून आले होते. व्याही आले म्हणून भजी तळली. ठमाबाईला उत्साह आला, तिनं मला मूठभर खुडलं आणि हिरवी मिरची, शेंगदाणे, लसूण घालून वाटलं. पुदिन्याची चटणी करतात तशी. तात्यांनी भजं बुडवून खाल्लं आणि घास तोंडातच ठेवून बायकोकडं बघत राहिले.

"ठमाबाई, आपुन जेवाय बसलोय का दात घासाय?"

बिचारे व्याही! मानापानाचे. त्यांनी सगळी चटणी संपवली, "येगळीच हाय चव," म्हणाले आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. माझ्यावर पाणी प्यायलं की तोंडात बर्फ होतो, हे त्यांना कोण सांगणार? त्यांचे डोळेच फिरले. मिश्री सोडल्यापासून ठमाबाई पहिल्यांदा पोट धरून हसली, म्हणून मीही त्यांना माफ केलं.

पण खरी परीक्षा दोन घरं पलीकडं होती. तिथं साखरबाई राहायची. ठमाबाईची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. रोज दुपारी कामं आटोपली की साखरबाईच्या ओट्यावर दोघी बसायच्या आणि मध्ये डबी. मिश्रीची चिमूट म्हणजे नुसती चिमूट नव्हे. भांडण मिटलं की चिमूट, सून बाळंत झाली की चिमूट, कुणी गेलं तर रडून झाल्यावर चिमूट. एकीनं डबी पुढं करायची आणि दुसरीनं घ्यायची, यात सगळं आलं. मिश्री सोडल्यापासून ठमाबाई ओट्याकडं फिरकलीच नव्हती. एक दिवस साखरबाईच तरातरा न्हाणीमागं आली. कमरेची डबी काढली, झाकण उघडलं आणि पुढं केली.

"नगं, साखरे. डॉक्टरीणबाई न्हाय म्हणल्यात."

"डॉक्टरला काय कळतंय? माझी सासू ऐंशी वरसं लावत हुती." साखरबाईनं डबी तशीच धरून ठेवली. मग तिचा चेहरा पडला. "माझ्या हातची चिमूट नगं झाली व्हय गं तुला?"

साखरबाई गेल्यावर ती माझ्यापाशी दगडावर बसून राहिली. मला कळत होतं, तिला मिश्रीपेक्षा तो ओटा जास्त हवा होता.

आणि त्यातूनच ती चूक झाली.

एकोणिसावा दिवस. ठमाबाईच्या मनानं घेतलं की कच्च्या पाल्यात काय दम असणार? चाळीस वर्षांत तिला एकच विद्या येत होती. पाला वाळवायचा, भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा. म्हणजे साखरबाईच्या ओट्यावर आपलीही डबी उघडता येईल, आपणही चिमूट पुढं करू. तिनं मला बुडापासून बोडकं केलं. कडक उन्हात पत्र्यावर टाकलं. दुपारी जुना लोखंडी तवा चुलीवर ठेवला आणि मला भाजलं.

माझी पानं म्हणजे मीच. पान जिथं जाईल तिथं मी असतो, म्हणून हे सगळं मला ठाऊक आहे. सांगतो, भाजल्याचं दुःख नव्हतं. दुःख याचं की माझ्यापाशी जे काही होतं, तो सगळा वास धुरातून निघून गेला आणि तिला कळलंच नाही. मिश्री भाजली की गल्लीभर ठसका लागतो. माझ्यानं कुणी शिंकलंही नाही. तिनं काळा भुगा कुटला, त्या जुन्या डबीत भरला आणि बोटावर घेऊन दातांना लावला.

जळका कचरा. दुसरं काही नाही.

पण तवा जुना होता आणि डबीही जुनी. दोन्हीत चाळीस वर्षांची तंबाखू मुरलेली. माझा वास गेला आणि त्यांचा तेवढा जागा झाला. ठमाबाई उठली, चप्पलही न घालता साखरबाईच्या ओट्यावर गेली आणि हात पुढं केला. साखरबाईनं चिमूट दिली.

तासाभरानं ती परत आली ती न्हाणीमागं. राजलक्ष्मीनं तोपर्यंत तवा आणि डबी पाहिली होती. ती रागावेल असं मला वाटलं. तिनं डबीचा वास घेतला आणि सासूशेजारी बसली.

"आत्याबाई, ह्या झाडात असतंय काय तर नुसता वास. तुमी तोच जाळला की."

"मला काय ठावं? मिसरी भाजल्याबगर व्हत न्हाय."

"पर ही मिसरी न्हायच!"

ठमाबाईनं मान वर केली. सुनेकडं बघितलं, मग माझ्या बोडक्या बुडख्यांकडं बघितलं.

"व्हय गं," ती हळूच म्हणाली. "मी ह्याचीबी मिसरीच कराय निघाले." आणि मग रडली. मोठ्यानं, पदर न लावता. "एकोणीस दिस मातीत घातले मी."

मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, बाई, मातीत घातलेलं वाया जात नाही, तू शेतकऱ्याची बाई, तुला मी काय सांगायचं? बोलता येत नव्हतं. म्हणून मी मला येतं ते केलं. मला वरून बोडकं केलं होतं, पण मातीखाली माझे फुटवे हातभर पुढं सरकले होते. पाचव्या दिवशी शेवग्याच्या बुंध्याशी एक कोंब, आठव्या दिवशी धुण्याच्या दगडाच्या फटीतून दोन. दहाव्या दिवशी सोपानतात्या पाय धुवायला आले आणि ओरडले, "आगं ए, ही बघ काय गंमत! जाळून भाजून झालं तरी हे इरसाल बेणं परत हजर!"

ठमाबाई वाकली. कोंबांवरून बोट फिरवून तिनं वास घेतला.

"मग मी काय ह्याच्यापरीस कमी हाय व्हय?" ती म्हणाली.

ते दहा दिवस तिनं नुसत्या बडीशेपेवर काढले होते, तेही एकदासुद्धा ओट्याकडं न जाता. आता सून शिकवायला बसली आणि सासू शिकायला. सकाळी ऊन तापायच्या आत वरचे शेंडे तेवढे खुडायचे. शेंडा खुडला की मी दोन फांद्यांनी फुटतो, मला ते आवडतं. फुलावर यायच्या आधीच खुडायचं, तेव्हा वास भरपूर. वाळवायचं ते उन्हात नाही, सावलीत, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर. वाळलं की काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. प्यायचं असेल तर पाणी उकळून खाली उतरायचं, मग चार पानं टाकायची आणि ताटली झाकायची. उकळत ठेवायचं नाही, नाहीतर घराला वास आणि कपाला नुसतं हिरवं पाणी. भाजायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं राजलक्ष्मी रोज म्हणायची आणि ठमाबाई रोज म्हणायची, "कळलं बाई, किती येळा सांगशील!"

एक गोष्ट मात्र तिची तिनं काढली. माझी दोन ताजी पानं घ्यायची, त्यात बडीशेपेचे चार दाणे ठेवायचे, घडी घालायची आणि पदराच्या गाठीत बांधायची. आठ-दहा घड्या. आणि त्या गाठीत मला घेऊन एका दुपारी ती साखरबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"बसाय आले," ती म्हणाली. "चिमूट नगं. बसाय आले."

साखरबाईनं डबी उघडली, स्वतः मिश्री लावली. ठमाबाईनं गाठ सोडून घडी तोंडात टाकली.

"शेळी झालीस व्हय गं? पाला चघळतीस!" साखरबाई म्हणाली.

"व्हय, शेळी. शेळीच्या तोंडात चट्टा बघितलायस का कदी?"

साखरबाईचं बोट दातांवरच थांबलं. तिनं तोंड फिरवून चूळ भरली. मला तेव्हा वाटलं, रागावली. ठमाबाईलाही तसंच वाटलं. पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शिव्या खाल्ल्या, टोमणे खाल्ले, माझी पानं खाल्ली, चिमूट नाही घेतली. पौष संपत आला. मी न्हाणीमागची सगळी जागा व्यापून तात्यांच्या वांग्याच्या वाफ्यात पाय ठेवला. तात्यांनी खुरपं उगारलं तर ठमाबाईनं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

बारामतीला दाखवायला जायचा दिवस आला. मी गाठीत होतोच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दोन महिन्यांत एकदाही नाही?"

"एकदा लावली," ठमाबाई म्हणाली. "एकोणिसाव्या दिशी. खोटं कशाला बोलू, तोंड उघडंच हाय तुमच्यापुढं."

बाई हसल्या. मग बराच वेळ उजेड टाकून बघत राहिल्या. चट्टा पातळ झाला होता, कडा विरली होती. "तुकडा आत्ता काढायची गरज नाही," त्या म्हणाल्या, "पण सुटलात असं समजू नका. दर दोन महिन्यांनी यायचं. आणि पुन्हा लावलीत तर मला सांगायचं, आज सांगितलंत तसं." ठमाबाईनं गाठ सोडून मला दाखवलं आणि विचारलं, "हा ह्या पाल्याचा गुण का वो?" बाई म्हणाल्या, "पाल्याचा नाही, आजी. मिश्री न लावल्याचा."

मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

आता आजची गोष्ट, आणि मग माझं बोलणं संपलं.

आज सकाळी साखरबाई न्हाणीमागं आली. ओरडत नाही, तरातरा नाही. पदराचा बोळा तोंडाशी. असा पदर मी एकदा पिकअपमध्ये पाहिला होता.

"ठमे, जरा बघ गं," ती म्हणाली. सूर्याकडं तोंड करून तिनं आपला गाल बोटानं ओढून धरला.

ठमाबाईनं वाकून बघितलं. बघतच राहिली.

"कवापास्नं हाय?"

"दिवाळीच्या आदीपास्नं. तिखट लागलं की आग व्हती."

"आन मला शेळी म्हणत हुतीस?"

"भ्या वाटत हुतं गं!" साखरबाईचा बांध फुटला. "तू सोडलीस म्हंजी ते खरं हाय, आसं वाटायचं. तू चिमूट घेतली आसतीस, तर माझंबी कायच न्हाय म्हणून गप बसले आसते."

ठमाबाईनं तिला जवळ घेतलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. माझ्या पानांवर पाय पडत होते आणि वास सुटत होता.

"मंगळवारी बारामतीला जायाचं. मी येती संगं," ठमाबाई म्हणाली. "डबी दे."

साखरबाईनं कमरेची डबी काढून तिच्या हातात ठेवली. काठोकाठ भरलेली, ताजी भाजलेली. वास माझ्यापर्यंत आला. ठमाबाईचा अंगठा झाकणावर होता. खरं सांगतो, त्या क्षणी माझी मुळंसुद्धा घाबरली. ती तशीच चालत उकिरड्यापाशी गेली, डबी उपडी केली, वर शेणाची पाटी रिकामी केली आणि हात धुऊन आली.

मग तिनं कोनाड्यातली आपली डबी काढली. तिच्या बुडाला खिळा ठेवून दगडानं चार भोकं पाडली. ओली माती भरली. खुरप्यानं माझा एक फुटवा मुळांसकट उचलला आणि तिच्यात खोचला. चाळीस वर्षं ज्या डबीत मिश्री होती, तिच्यात आता मी उभा होतो. तिनं डबी पुढं केली. साखरबाईला कळेना, घ्यावी की नाही.

"काय गं?" ठमाबाई म्हणाली. "माझ्या हातची नगं झाली व्हय तुला?"

साखरबाई रडता रडता हसली आणि तिनं दोन्ही हातांनी डबी घेतली.

तर मंडळी, मी निघालो. इथंही आहे आणि तिथंही चाललोय. तिच्या तोंडातला चट्टा कसला निघेल ते मला माहीत नाही, मंगळवारी कळेल. तोवर तिचं बोट सारखं डबीकडं जाईल आणि डबीत मी असेन, एवढं मात्र नक्की. तुमच्याही गल्लीत एखादी साखरबाई असेल, थट्टा करणारी, तोंडाशी पदर धरणारी. तिला ओरडू नका. माझी एक काडी न्या आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसा. मला बी नाही, मी वाऱ्यावर उडून कुठं जात नाही. एका हातातून दुसऱ्या हातात, एवढाच माझा रस्ता.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा सोपानतात्या बैलांना वैरण टाकत होते. डबीकडं बघून म्हणाले, "हे बेणं कुठं निघालं?"

"साखरीच्या न्हाणीमागं."

"आता तितंबी पसरंल की ते!"

"पसरू दे," ठमाबाई म्हणाली.